पेठ आणि पेटे : बंगळूरच्या जुन्या नगरातील एक फेरफटका

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही स्मरणिका वाचकांच्या हाती देताना आम्हांला एका लहानशा हिशेबाची आठवण होते. शहाजी महाराजांनी बंगळूर आपल्या जहागिरीत घेतले ते १६३८ च्या सुमारास. भोसल्यांच्या हातून ते गेले १६८७ साली. म्हणजे या नगरावर भोसल्यांचा अंमल राहिला तो अवघी एकोणपन्नास वर्षे. आपल्या मंडळाने आज पन्नाशी गाठली आहे. राजांच्या दौलतीपेक्षा आपले मंडळ एका वर्षाने वडील ठरले, असे विनोदाने म्हणता येईल. परंतु विनोद ओसरला की प्रश्न उरतोच : त्या एकोणपन्नास वर्षांनी मागे काय ठेवले, आणि आपल्या पन्नास वर्षांनी काय ठेवले?

हा प्रश्न आमच्या मनात प्रथम उभा केला तो एका बालकाने. पुण्याहून पाहुणे आले होते. प्रघाताप्रमाणे त्यांना लालबाग दाखवली, विधानसौधावरून मोटार फिरवली, म्हैसुरी रेशमाची खरेदी झाली, आणि दुसऱ्या दिवशी आनेकलजवळच्या मुत्यालमडुवूचा धबधबाही दाखवून झाला. रात्री जेवताना पाहुण्यांनी शनिवारवाड्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. तेव्हा घरातील मुलगा म्हणाला, “त्यांचा शनिवारवाडा आहे. मग आपलं इथं काय आहे?” त्या वेळी आम्हां मोठ्यांपैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही काही मंडळींनी रविवारचे रविवार खर्ची घालून जे पाहिले, वाचले आणि ताडून घेतले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता चंदापुर, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या भागांत, म्हणजे आनेकल तालुक्यात राहतात. म्हणून आरंभ घरापासूनच करू. सतराव्या शतकाच्या आरंभी सुगटूरच्या गौड घराण्यातील पुरुषाने आनेकल वसवून तटबंदी केली. गावाबाहेरच्या तिम्मरायस्वामीच्या टेकडीवरून पाहिले असता या मुलुखाचे महत्त्व ध्यानी येते. म्हैसूरचे पठार येथे संपत येते आणि पलीकडे तमिळ प्रदेशाकडे वाटा उतरू लागतात. अशा उंबरठ्यावरच्या गावाला इतिहास स्वस्थ बसू देत नाही.

१७६० च्या ऑगस्ट महिन्यात आनेकलने एक विलक्षण पाहुणा पाहिला. हैदरअलीचाच कारभारी खंडेराव श्रीरंगपट्टणात त्याच्यावर उलटला. आणि त्याच सुमारास विसाजी कृष्ण बिनीवाले यांची मराठी फौजही या प्रांतात होती. हैदर रातोरात कावेरी ओलांडून निसटला आणि घोडदौड करीत आनेकलला आला, कारण येथील किल्ला त्याचा मेहुणा इस्माईल अली याच्या ताब्यात होता. बंगळूरचा किल्लेदार आपल्याशी एकनिष्ठ आहे की नाही, याची खात्री त्याने येथूनच करून घेतली आणि मगच तो पुढे गेला. बिनीवाल्यांशी त्याने तह केला. ते उत्तरेकडे परतले. आणि १७६१ च्या जानेवारीत तर पानिपतच घडले. पुढे खंडेराव हैदरच्या हाती सापडला. त्याच्यासाठी रदबदली झाली तेव्हा ‘मी त्याला राघूसारखा सांभाळीन’ असे वचन हैदरने दिले आणि ते अक्षरशः पाळले : खंडेरावाला पिंजऱ्यात घालून दूधभातावर ठेवले. आनेकलचे दार त्या दिवशी बंद राहिले असते, तर दक्षिणेचा पुढील इतिहास कसा घडता, याची कल्पना ज्याने त्याने करावी. आपण रोज ज्या रस्त्याने कारखान्याला जातो, त्याच्या आसपास हे घडले, एवढेच येथे सांगावयाचे.

आता नगराकडे वळू. पूर्वी येथून शहरात जायचे म्हणजे बसमध्ये अर्धा दिवस जाई. २०२५ साली मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रापर्यंत आली. राष्ट्रीय विद्यालय रस्त्याच्या स्थानकावर गाडी बदलली की हिरवी मार्गिका नॅशनल कॉलेज, कृष्णराजेंद्र मार्केट, चिकपेटे आणि संपिगे रस्ता ही स्थानके घेत जाते. आम्ही पाहिलेला बहुतेक इतिहास या एकाच दोऱ्यात ओवलेला आहे.

बंगळूर हे नाव फार जुने. बेगूरच्या नागेश्वर मंदिरातील नवव्या शतकाच्या अखेरच्या वीरगळावर ‘बेंगळूरची लढाई’ असा उल्लेख आहे. परंतु आज दिसणारे जुने नगर वसवले ते पहिल्या केंपेगौडाने, १५३७ साली. मातीचा कोट, खंदक, आणि आत धंद्याधंद्याच्या पेटा. अक्किपेटेत तांदूळ, रागीपेटेत नाचणी, अरळेपेटेत कापूस, गाणिगरपेटेत तेली, कुंभारपेटेत कुंभार. लंडनच्या जुन्या नगरातही ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट आहेत असे वाचून आपण कौतुक करतो. येथे तर त्याच रीतीचे अख्खे गाव आजही व्यापार करीत आहे. आणि शब्द पाहा : त्यांचे ‘पेटे’, आपली ‘पेठ’. पुणेकराला चिकपेटेच्या बोळात हरवल्यासारखे वाटत नाही, ते उगाच नव्हे.

१६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजी राजांसह या नगरावर चाल केली. केंपेगौडाचा वंशज मागडीला गेला आणि बंगळूर शहाजींकडे आले. जिजाबाई आणि बाल शिवाजी यांनीही सुमारे दोन वर्षे येथे काढली आणि पुढे ती दोघे पुण्यास परतली, असे इतिहासकार मानतात. राजांचा वाडा ‘गौरी महाल’ या नावाने चिकपेटेच्या परिसरात होता अशी परंपरा आहे. तो शोधण्यासाठी आम्ही मुलांना घेऊन एका रविवारी निघालो. कापडाचे गठ्ठे, हमाल आणि दुचाकी यांच्या गर्दीत तीन तास फिरलो. वाडा तर सोडाच, जोत्याचा दगडही दिसला नाही. मुले कंटाळली. ‘आपलं इथं काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे होते की काय, अशी शंका आम्हांलाही आली.

शेवटी एका दुकानाच्या पायरीवर मुलांना पाणी पाजावे म्हणून थांबलो. आमचे बोलणे ऐकून आतले वृद्ध गृहस्थ बाहेर आले आणि मराठीत बोलू लागले. त्यांची मराठी आमच्या कानांना अनोळखी. क्रियापदे जुनी, मधूनच कानडी वळण. त्यांनी विचारले, “तुम्ही कधी आलात गावात?” आम्ही अभिमानाने सांगितले, “तीस-चाळीस वर्षे झाली.” ते हसले. “आमचे वाडवडील शहाजी राजांच्या मागून आले म्हणतात. कागद नाही हो. पण घरात ही भाषा आहे.” भावसार, नामदेव शिंपी, आरे मराठे अशा किती तरी मंडळींनी या नगरात आपापली भाषा, आपला विठोबा आणि आपली भवानी जतन केली आहे. गवीपुरातला गोसाई मठ हे मराठा समाजाचे असेच एक जुने पीठ. आम्ही दगड शोधीत होतो. खूण माणसाच्या तोंडी जिवंत होती.

वाडा नाहीसा झाला तरी त्या दरबाराचे एक चित्र मात्र उरले आहे. नाशिककडचा कवी जयराम पिंड्ये शहाजींची कीर्ती ऐकून दरबारी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ मांडले. कारण विचारता म्हणाला, ‘मला बारा भाषांत कविता करता येते.’ त्या बारांत कानडीही होती. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ साली प्रसिद्ध केले. ज्या दरबारात बारा भाषांना मान होता, त्याचे वारस म्हणवणाऱ्या आपण किती जणांनी या पन्नास वर्षांत कानडी अक्षरे शिकली, हा प्रश्न येथे आमचा आम्हांलाच टोचला.

चिकपेटेतून दक्षिणेस आले की किल्ला लागतो. मातीचा हा किल्ला हैदरने १७६१ च्या सुमारास दगडी केला. आज दिल्ली दरवाजा आणि लगतचा थोडा भाग उरला आहे. शेजारी चिक्कदेवराज वोडेयराच्या काळातले कोटे वेंकटरमण मंदिर आणि टिपूचा १७९१ साली पुरा झालेला लाकडी महाल आहे. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रजांनी हा किल्ला जिंकला आणि जेथे तट फोडला तेथे फलक लावला. एका रात्रीच्या विजयाला फलक मिळाला. शहाजींच्या सव्वीस वर्षांच्या वास्तव्याचा फलक या पेटांत आमच्या पाहण्यात आला नाही. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर निळ्या चकत्या असतात. तेथे विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या घरी राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. दूरच्या लंडनची आठवण आपण ठेवली. जवळच्या चिकपेटेची मात्र राहून गेली.

तथापि अभिमानाबरोबर सत्यही सांगावयास हवे. मराठी फौजा या मुलुखात वारंवार आल्या आणि इथल्या शेतकऱ्याने त्यांना चौथाई व लूट या नावांनीच ओळखले. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्यासोबतच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य केले ते टिपूने. मुलांना शनिवारवाडा सांगताना हेही सांगावे. अर्धा इतिहास शिकवलेला मुलगा शेजाऱ्याशी भांडतो. पुरा इतिहास ऐकलेला त्याच्या घरी जेवायला बसतो.

आमच्या फेरीचा शेवट मल्लेश्वरात झाला. १८९८ च्या प्लेगनंतर वाढलेल्या या वसाहतीत ‘काडु मल्लेश्वर’, म्हणजे रानातला मल्लेश्वर, आहे. समोर १९९७ साली खोदकामात सापडलेले नंदीतीर्थ. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या लिंगावर पडते. मंदिराजवळच्या खडकावर १६६९ सालचा लेख आहे. शहाजींचा पुत्र व्यंकोजी याने मल्लेश्वराला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा तो लेख. आम्ही हर्षित होऊन पुढे झालो. परंतु वाचता कोणालाच येईना, कारण लेख कानडीत आहे. तेव्हा ज्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, तोच पुढे आला. शाळेत तो कानडी शिकतो. जुन्या वळणाची अक्षरे तो बोट ठेवून लावू लागला. सारी लागली नाहीत. पण जेवढी लागली तेवढी त्याने मोठ्याने वाचली. त्याच्यामागे उभे राहून आम्ही वडील मंडळी ऐकत होतो.

व्यंकोजी राजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास गेले. तेथे त्यांच्या वंशजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर आपला कुलवृत्तान्त मराठीत कोरविला. दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. पुढे १६८७ साली मोगलांचा सरदार कासिमखान याने नगर घेतले आणि ते म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेले. शहाजी महाराज स्वतः १६६४ साली चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निधन पावले. त्यांची समाधी त्याच कानडी मातीत आहे. तेथे अद्याप न गेलेल्यांनी एकदा अवश्य जावे.

तर मग आपले इथे काय आहे? वाडा नाही, किल्लाही आपला म्हणावा असा नाही. आहे ती एका मराठी राजाने कानडी देवाला कानडी अक्षरांत दिलेली एक देणगी, आणि चिकपेटेच्या पायरीवर टिकून राहिलेली एक बोली. हुस्कूरच्या मद्दुरम्माचे शंभर फुटांहून उंच रथ बैल ओढत आणतात तेव्हा, चैत्रात आनेकलचा करग निघतो तेव्हा, आपली मुले शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर गर्दीत असतात. तेही त्यांचेच आहे.

मंडळाच्या पुढील वर्षांसाठी आमची दोनच नम्र सूचना आहेत. दर वर्षी कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते, त्या सुमारास मुलांना घेऊन ही फेरी काढावी. आणि मंडळाच्या वास्तूत मराठीच्या वर्गाशेजारीच कानडी लिपीचाही वर्ग चालवावा, मुलांपेक्षा मोठ्यांसाठी. व्यंकोजींचा लेख वाचण्यासाठी पुढच्या खेपेस आम्हांला कोणा बालकाच्या मागे उभे राहावे लागू नये, एवढीच इच्छा.