सरकी आणि गाईची कूस

गाईला सरकी चारली म्हणजे दुधाला स्निग्धता येते, ही आपल्याकडील जुनी समजूत श्रोत्यांच्या परिचयाची असेल. तीच सरकी अमेरिकेंतील टेक्ससमध्यें एका निराळ्याच प्रश्नासाठीं कसोटीस लागली.

तेथें मांसासाठीं गुरांचे मोठाले कळप पाळतात. गाईकडून दूध नव्हे, तर दरवर्षीं एक वासरूं हवें असतें. गर्भकाळ सुमारें २८३ दिवसांचा. म्हणजे व्यालेल्या गाईला पुन्हां गाभण राहण्यास अवघे ८२ दिवस उरतात. तेवढ्यांत ती फळली नाहीं, तर बहुधा तिची रवानगी बाजारांत होते.

ह्या शोधाचा उगम मात्र उंदरांच्या पिंजऱ्यांत आहे. १९२९ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज व मिल्ड्रेड बर ह्या दांपत्यानें उंदरांना स्नेहरहित आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले आणि माद्यांचें बीजोत्सर्जन बिघडलें. स्नेह म्हणजे केवळ शरीराचें जळण, ही कल्पना तेथें ढासळली.

पुढें १९३५ सालीं स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनीं प्रोस्टाग्लँडिन ह्या द्रव्यास नांव दिलें, आणि १९६४ सालीं तें एका स्निग्धाम्लापासून घडतें असें सिद्ध झालें. गाईच्या गर्भाशयांतून स्रवणारा त्याचा एक प्रकार बीजकोशांतील पीतपिंड विरघळवितो. मग गर्भ राखणारा प्रोजेस्टेरोन हा अंतःस्राव ओसरतो व गाय पुन्हां माजावर येते. हा प्रोजेस्टेरोन कोलेस्टेरॉलपासून बनतो, आणि स्निग्ध आहारानें गाईच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें.

म्हणून १९८० नंतरच्या दशकांत टेक्ससच्या संशोधकांनीं व्यालेल्या गाईंना अख्खी सरकी चारून पाहिली. कोलेस्टेरॉल वाढलें, पीतपिंडाचें कार्यहि सुधारलेलें दिसलें. परंतु पुढील प्रयोगांत गर्भधारणेचें प्रमाण सर्वत्र सारखें वाढलें नाहीं. शिवाय शुष्क आहाराच्या सुमारें ६ टक्क्यांहून अधिक स्नेह झाल्यास पोटांतील जंतूंकडून होणारें वैरणीचें पचन मंदावतें. आणि सरकींतील गॉसिपॉल हें द्रव्य अति झाल्यास वळूच्या वीर्यास बाधतें.

तात्पर्य, स्नेह हा गाईच्या कुशीशीं बोलतो खरा, पण उपाशी गाईच्या कानीं तें बोलणें पोंचत नाहीं. आधीं पोटभर वैरण, मग मापानें सरकी, हाच ह्या इतिहासाचा बोध होय.