खप आणि वाचक

जानेवारी २०१४मध्ये ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’चे निकाल जाहीर झाले आणि नागपूरच्या ‘हितवाद’ला एकही वाचक नाही, असे त्यातून निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाने १९११ साली सुरू केलेले हे इंग्रजी दैनिक. त्याचा प्रमाणित खप त्या वेळी साठ हजारांहून अधिक होता. म्हणजे साठ हजार प्रती रोज पैसे मोजून घरात येतात आणि त्या उघडून पाहणारा कोणी नाही! त्याच पाहणीत ‘हिंदू बिझनेस लाइन’चे वाचक चेन्नईपेक्षा मणिपुरात जास्त निघाले. देशातील अठरा वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून पाहणी नाकारली, त्यात हे दोन्ही दाखले होते.

लोक हसले आणि विसरले. मला मात्र त्या बातमीने एका जुन्या प्रश्नाकडे नेले. ‘खप’ आणि ‘वाचक’ हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. जाहिरातीच्या धंद्यात ते दोन वेगळे पदार्थ आहेत, वेगळ्या संस्था ते वेगळ्या तराजूत तोलतात, आणि कोणते वृत्तपत्र जगणार हे पुष्कळदा त्या तराजूवर ठरते.

खपाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. शब्द अस्सल मराठी आहे. माल खपतो, माणूस कामात खपतो, आणि बोलीत मेलेला माणूसही खपतो. छापखान्यातून किती प्रती निघाल्या हा खप नव्हे. किती विकल्या गेल्या, हा खप. पूर्वी मालक सांगेल तो आकडा खरा मानावा लागे, आणि मालक काय सांगणार हे उघडच आहे. अमेरिकेत १९१४मध्ये ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ स्थापन झाली ती यावर उपाय म्हणून. भारतात त्याच नावाची संस्था १९४८मध्ये आली. प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था असे तिघे तिचे सभासद. वर्षातून दोनदा, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर, हिशेब तपासून ती सरासरी विक्रीचा दाखला देते. फुकट वाटलेल्या आणि विक्रेत्याकडून परत आलेल्या प्रती बाद. वह्यापावत्यांचा मामला असल्याने लबाडीला वाव कमी, निदान वाव कुठे आहे हे तरी ठाऊक. सरकारी जाहिरातींच्या दरांतही खपाच्या आकड्याला वजन असते, म्हणून तालुक्याच्या छोट्या साप्ताहिकापर्यंत त्याची धग पोचते.

पण जाहिरातदाराला कागद नको असतो, डोळे हवे असतात. अमेरिकेत ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९३८पासून आपल्या वाचकांची पाहणी करवून घेतली, त्यामागचा हेतू हाच होता. एक प्रत अनेकजण वाचतात, हे त्याला जाहिरातदारांना दाखवायचे होते. ‘ऑडियन्स’ हा नाटक-संगीताच्या सभागृहातला शब्द छापील अंकाला लागला, तो याच सुमारास रूढ झाला.

यात आपल्याकडे कोणाला नवल वाटले नसते. ‘केसरी’चा एक अंक गावात येई आणि अक्षरओळख असलेला एकजण तो पारावर किंवा चावडीवर मोठ्याने वाचून दाखवी, हे टिळकांच्या काळाबद्दल लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने नोंदवले आहे. त्या अंकाचा खप एक. वाचक किती? मोठ्याने वाचणारा एक धरायचा, की भोवती बसलेले वीस? राजद्रोहाचा खटला भरणाऱ्या सरकारला धास्ती त्या विसांचीच होती. आजच्या पाहणीची व्याख्या लावली तर मात्र ते वीसजण वाचक ठरत नाहीत, कारण त्यांनी अंक ‘वाचला किंवा पाहिला’ नाही, ऐकला.

ही व्याख्या नीट पाहण्यासारखी आहे. भारतात पहिला ‘नॅशनल रीडरशिप सर्व्हे’ १९७०मध्ये झाला आणि सुरुवातीला उल्लेख केलेला ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’ १९९५पासून. दोन्हींची मूळ रीत एकच. बारा वर्षांवरील माणसाला नियतकालिकाचे शीर्षक छापलेले कार्ड दाखवायचे आणि विचारायचे, यातला कोणताही अंक तुम्ही शेवटचा कधी वाचला किंवा पाहिला? दैनिकासाठी उत्तर ‘काल’ असेल, साप्ताहिकासाठी गेल्या सात दिवसांतले, मासिकासाठी गेल्या महिन्यातले, तर तो माणूस ‘सरासरी अंकाचा वाचक’. त्याने काय वाचले, किती वाचले, हा प्रश्नच नाही. न्हाव्याच्या दुकानात पाळीची वाट पाहत चाळला तरी वाचक, आणि अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळा पेपर संपवला तरी तेवढाच वाचक. मराठीत ‘वाचणे’ आणि ‘चाळणे’ यांत मोठे अंतर आहे. धंद्याच्या भाषेत ते पुसले गेले.

विशीत काही महिने मी एका पाहणीच्या प्रश्नावल्या भरण्याचे काम केले होते. घरातल्या कोणाला विचारायचे हे आपण ठरवायचे नसते. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९मध्ये सुचवलेला एक तक्ता असतो, त्यात घरातल्या माणसांची यादी लिहायची आणि तक्ता सांगेल त्याची मुलाखत घ्यायची. तक्त्याने बाईचे नाव काढले की अडचण सुरू. “मी कुठली वाचते! हे वाचतात. ते संध्याकाळी येतील तेव्हा या.” बोलताना समोरच्या टेबलावर कालची पुरवणी पाककृतीच्या पानाशी दुमडलेली असायची. पुरवणी वाचणे म्हणजे पेपर वाचणे, असे त्या माउलीला वाटतच नसे. आम्ही कोडाचा आकडा लिहून पुढच्या दाराशी जात असू. आकडे जमवून त्यांची सरासरी काढली की ही दुमडलेली पुरवणी कुठे दिसत नाही.

या रीतीतल्या दोन खोटींना पाहणीशास्त्रात रीतसर नावे आहेत. एकच अंक माणूस दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या मुदतीत हाती घेतो. ते ‘रेप्लिकेटेड’, म्हणजे पुनरावृत्त वाचन. याने आकडा फुगतो. उलट एकाच मुदतीत एकाच नियतकालिकाचे अनेक अंक वाचले तर ते ‘पॅरलल’, समांतर वाचन. याने आकडा आटतो, कारण तीन अंक वाचूनही माणूस एकदाच मोजला जातो. जिथे पेपर दुपारच्या एसटीने येतो आणि पावसात दोन दिवस गाडीच येत नाही, तिथे तिसऱ्या दिवशी तीन अंक एकदम वाचणारा हा समांतर वाचकच. आणि पुनरावृत्त वाचनाचा सर्वांत ठळक नमुना पाहायचा तर दुसरीकडे कुठे जायला नको, आपला दिवाळी अंक पुरे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही वस्तू मोजमापाच्या बाहेर राहिली आहे. वाचनालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात, आणि एकच प्रत कार्तिकापासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत घरोघर फिरते. एक कथा नोव्हेंबरात, परिसंवाद जानेवारीत, असे वाचणारेही पुष्कळ. ‘शेवटचा कधी पाहिला’ या प्रश्नाला इथे काय उत्तर द्यायचे? जाहिरातदार मग प्रतींचा आकडा विचारतो. संपादक वाचकांच्या गोष्टी सांगतो. दर ठरतो प्रतींवर.

वाचक मोजून भागत नाही, तो कोणत्या ‘वर्गा’तला हेही लागते. इथे दुसरी संज्ञा येते : ‘चीफ वेज अर्नर’, घरातला मुख्य कमावता. १९८०च्या दशकात तयार झालेल्या ‘एसईसी’ या वर्गवारीत शहरी कुटुंब ए-१पासून ई-२पर्यंत आठ पायऱ्यांवर बसवले जाई, आणि पायरी ठरे ती या एका माणसाचे शिक्षण आणि व्यवसाय यांवरून. बायको एम.ए. आणि नवरा दहावी पास दुकानदार असला तरी त्या घराची पायरी दुकानदाराची. तीच बाई त्या घरात एकटी मासिके वाचत असली तरी मासिकाच्या वाचकाचा दर्जा नवऱ्यावरून ठरणार. २०११मध्ये नवी वर्गवारी आली. तिच्यात व्यवसाय गेला, मुख्य कमावत्याचे शिक्षण राहिले आणि सोबत अकरा गोष्टींची यादी आली. विजेची जोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी, फ्रिज, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. यातल्या किती तुमच्याकडे आहेत ते मोजायचे. दोन एकर कोरडवाहू आणि एक धुलाई यंत्र यांचे वजन सारखे. पुस्तके, अर्थातच, यादीत नाहीत.

२०१३च्या पाहणीत ही नवी वर्गवारी आणि कागदाऐवजी दोन पडद्यांचा संगणक एकदमच आले. म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, असे पाहणी करणाऱ्यांचे म्हणणे होते. ते तत्त्वतः बरोबरच होते. पण रीत बदलली म्हणून साठ हजार प्रती विकत घेणाऱ्या शहरात वाचक शून्यावर येत नाही. माझ्या मते खरा घोटाळा पुढे झाला. वृत्तपत्रे जी चूक दाखवत होती ती नमुन्याची होती, आणि भांडण चालले क्रमांकांचे. ‘वाचक’ कोणाला म्हणायचे हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही. २०१७च्या पाहणीत दैनिकांसाठी ‘काल वाचला’ याच्या जोडीला ‘गेल्या महिन्यात कधीतरी वाचला’ अशी ‘एकूण वाचकसंख्या’ पुढे मांडली गेली. आकडे एकदम मोठे झाले आणि जाहिरातीच्या पानांवर तेच झळकू लागले. वाचक तेच होते, शब्दाचा घेर वाढला होता.

जाहिरातवाल्यांच्या कोशात एक संज्ञा मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, ‘ऑपॉर्च्युनिटी टु सी’. पाहण्याची संधी, एवढाच तिचा दावा. माणसाने जाहिरात पाहिली असे ती म्हणत नाही. पाहता आली असती, इतकेच म्हणते. २०१९च्या अखेरच्या तिमाहीनंतर वाचक-पाहणीचे निकाल बरीच वर्षे आलेच नाहीत, आणि दरम्यान जाहिरातीचा पैसा मोबाइलच्या पडद्याकडे वळला. तिथे ‘इम्प्रेशन’ मोजतात. जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला की ती ‘पाहता येण्याजोगी’ ठरते, असा २०१४चा अमेरिकी दंडक आहे. चित्रफितीला दोन सेकंद.