मत्स्यालयातील खड्यांचा थर किती असावा?

कृष्णा आणि कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कराडला गुळगुळीत गोट्यांचे अप्रूप नाही. घरात काचेचे मत्स्यालय आले, की तळाशी खड्यांचा जाडजूड थर देण्याचा मोह साहजिकच होतो. थर जितका जाड, तितके माशांना नदीत असल्यासारखे वाटेल, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात मासे दगावण्याचे कारण अनेकदा याच थरात दडलेले असते.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून विषारी अमोनिया तयार होतो. खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मात्र या जिवाणूंना प्राणवायू लागतो. थर फार जाड असेल आणि त्यात गाळ साचला, तर तळापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. तेथे वेगळेच जिवाणू बळावतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा घातक वायू निर्माण होतो. काचेतून खड्यांत काळे पट्टे दिसणे आणि खडे हलविताच कुजक्या अंड्यांसारखा वास येणे, ही त्याची खूण होय.

केवळ मासे ठेवायचे असतील, तर एक ते दीड इंच थर पुरेसा आहे. मुळे धरणाऱ्या वनस्पती लावायच्या असल्यास दोन ते तीन इंच लागतात; तोही सर्वत्र नको, मागील बाजूस जास्त आणि पुढे कमी असा उतार द्यावा. गाळ पुढे आला, की काढणे सोपे जाते. खड्यांखाली जाळीचा फिल्टर बसविलेला असल्यासही दोन ते तीन इंच थर हवा. अशा टाकीत पाणी खड्यांतून सतत खेचले जाते. वीज काही तास गेली, की हा प्रवाह थांबतो आणि जिवाणू गुदमरू लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

खड्यांचा आकार साधारण तीन ते पाच मिलिमीटर असावा. बारीक वाळू घट्ट बसते, म्हणून तिचा थर एक इंचाच्या आसपासच ठेवावा. चोवीस इंच लांब व बारा इंच रुंद टाकीत दोन इंचांच्या थरासाठी सुमारे १४ किलो खडे लागतात. टाकी ठेवण्याचे टेबल पाण्याबरोबर हे वजनही पेलणारे हवे.

खडे दुकानातूनच घेतलेले बरे. नदीपात्रातून विनापरवाना वाळू उचलणे कायद्यात बसत नाही. शिवाय या भागातील काळ्या खडकात कॅल्साइटचे पांढरे तुकडे आढळतात. ते पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतात. खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला, तर ते खडे वापरू नयेत. धुताना साबण नको, गढूळपणा जाईपर्यंत साधे पाणी पुरे.

पाणी बदलताना नळीने खड्यांतील गाळ ओढून घ्यावा, पण एका वेळी अर्ध्याच तळाचा. सगळे खडे बाहेर काढून धुतल्यास उपयुक्त जिवाणूही वाहून जातात. थर आधीच जाड झाला असेल, तर तो एकदम उपसू नये. मासे टाकीच्याच पाण्यात दुसरीकडे हलवून, काही आठवड्यांत थोडाथोडा करून तो कमी करावा.