सआदत खान

सआदत खान : (मृत्यू १ ऑक्टोबर १८७४). १८५७ च्या उठावातील इंदूरचे क्रांतिकारक व होळकर संस्थानच्या घोडदळातील अधिकारी. इंदूर रेसिडेन्सीवरील हल्ल्याचे पुढारीपण त्यांच्याकडे होते.

पार्श्वभूमी : महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले आणि इंदुरात ब्रिटिश रेसिडेंट आला. त्याची कोठी म्हणजेच रेसिडेन्सी. १८५७ मध्ये गादीवर बावीस वर्षांचे दुसरे तुकोजीराव होते. रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर असल्याने रेसिडेन्सीचा कारभार कर्नल हेन्री ड्यूरंड पाहत होता.

रेसिडेन्सीवरील हल्ला : १ जुलै १८५७ रोजी सकाळी, रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी होळकरांनी दिलेल्या तोफांनीच कोठीवर मारा सुरू केला. सआदत खान घोड्यावरून फिरत शिपायांना हल्ल्यासाठी हाका देत होते. इंग्रज अधिकारी कर्नल ट्रॅव्हर्सने मोजक्या स्वारांनिशी तोफांवर चाल केली, पण ती फसली. बाकीचे देशी शिपाई इंग्रजांसाठी लढायला तयार नव्हते. त्याच सकाळी ड्यूरंड रेसिडेन्सी सोडून सीहोरकडे निघाला आणि रात्री महूच्या छावणीतील पलटणीही उठल्या. इंदूर-महूच्या या फौजेने ऑक्टोबरमध्ये आग्र्यापर्यंत धडक मारली.

दरबाराची भूमिका : तुकोजीरावांनी वाड्यात आश्रयाला आलेल्या युरोपीयांना उठावकऱ्यांच्या हवाली करण्यास नकार दिला. तरीही हल्ल्यामागे महाराजच असल्याचा ड्यूरंडचा संशय गेला नाही. तहाने बांधलेला दरबार आणि पेटून उठलेली फौज यांच्यातील ही दरी इंदूरच्या उठावाचा गाभा आहे.

अखेर : उठाव मोडल्यावर सआदत खान यांनी अनेक वर्षे अज्ञातवासात काढली. १८५८ च्या माफीच्या जाहीरनाम्यानंतरही इंग्रजांनी त्यांचा पाठलाग सोडला नाही. १८७४ मध्ये ते पकडले गेले आणि रेसिडेन्सीच्या आवारात त्यांना फाशी देण्यात आली. त्याआधी, उठावात उतरलेले माळव्यातील अमझेऱ्याचे राजपूत संस्थानिक राणा बख्तावरसिंह यांनाही १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरातच फासावर चढवले होते.

महत्त्व : मराठी राज्याच्या चाकरीतील एक मुसलमान अधिकारी आणि माळव्यातील एक राजपूत संस्थानिक एकाच सत्तेविरुद्ध उठले आणि एकाच शहरात हुतात्मा झाले. १८५७ चा लढा दिल्ली-झाशीपुरता नव्हता, हे सआदत खान यांचे चरित्र सांगते. होळकरशाहीच्या इतिहासात त्यांना राजांइतकेच मानाचे पान मिळायला हवे.