कालबाह्य डोमेन नाव

कालबाह्य डोमेन नाव म्हणजे नोंदणीची मुदत संपूनही ज्याचे नूतनीकरण झालेले नाही असे इंटरनेटवरील नाव. डोमेन नाव कायमचे विकत घेता येत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदविले जाते. बारामती किंवा इंदापूर येथील एखाद्या शाळेने वा पतसंस्थेने नूतनीकरण न केल्यास संकेतस्थळासोबत त्या नावावरील ईमेलही बंद पडतो. पुढे नाव घेणाऱ्यास जुन्या पत्त्यांवर येणारे ईमेल मिळू शकतात.

मुदतीनंतरचे टप्पे

मुदत संपताच नाव सर्वांसाठी खुले होत नाही. डॉट कॉम नावांच्या बाबतीत निबंधक कंपनी जास्तीत जास्त ४५ दिवस नूतनीकरणास वाव देऊ शकते. नाव रद्द झाल्यावर ३० दिवसांपर्यंत मूळ धारकास जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते. त्यानंतर सुमारे ५ दिवसांनी ते नोंदवहीतून वगळले जाते आणि प्रथम नोंदविणाऱ्यास मिळते. अनेक कंपन्या मात्र त्यापूर्वीच नावाचा लिलाव करतात. त्यामुळे आगाऊ मागणी नोंदवूनही ते मिळेलच असे नाही.

कायदेशीर बाजू

मोकळे झालेले नाव नोंदविल्याने दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर हक्क प्राप्त होत नाही. ‘रेडिफ’शी साम्य असलेल्या ‘रॅडिफ’ या डोमेन नावाच्या वापरास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून त्यास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले. डॉट इन नावांविषयीचे वाद नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाच्या धोरणानुसार लवादाकडे नेता येतात.