सिराज ग्रंथि आणि लोहिताक्ष मर्म : एका अभिज्ञानाची दुरुस्ती

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायांत ग्रंथीचे पांच प्रकार सांगितले आहेत. वातज, पित्तज, कफज व मेदोज हे चार झाल्यावर पांचवा सिराज ग्रंथि येतो. या सिराज ग्रंथीची सांगड आधुनिक वैद्यकांतील 'अ‍ॅन्युरिझम'शीं, म्हणजे रक्तवाहिनीच्या दुबळ्या झालेल्या भिंतीस येणाऱ्या फुगवट्याशीं, घालण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. प्रस्तुत लेखकानेंहि शाळेंत संस्कृत शिकवितांना व निवृत्तीनंतर पाटोद्यास दिलेल्या दोन व्याख्यानांत हीच गोष्ट निःशंकपणें सांगितली. ती मागें घेणें व मागें घेण्याचीं कारणें अभ्यासकांपुढें मांडणें एवढेंच या टिपणाचें प्रयोजन आहे.

एरव्हीं ही गोष्ट पंडितांच्या कोटिक्रमाची म्हणून सोडून देतां आली असती. पण प्रसंग असा घडला, कीं ती सोडवेना. पाटोदा हें बीड जिल्ह्यांतील, बालाघाटच्या माथ्यावरील तालुक्याचें गांव. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते. येथून जवळच एका वाडीवर राहणारे माझे एक वृद्ध स्नेही मूतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी करून आले. खडा निघाला नाहीं; पोटांतील महाधमनी फुगून ५.८ सेंटिमीटर रुंद झाल्याचें मात्र दिसलें. निरोगी माणसाची ही वाहिनी तेथें सुमारें २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटरांवर गेली म्हणजे तिला फुगा म्हणतात, आणि पुरुषांत ५.५ सेंटिमीटरांच्या आसपास पोंचली म्हणजे फुटण्याचें भय वाढल्यामुळें दुरुस्तीचा विचार करतात. ते कागद घेऊन माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोथीत याला काय म्हटलंय?"

मीं मोठ्या हौसेनें सुश्रुत काढला आणि अर्थ सांगितला. सिराज ग्रंथि दुखरा व हलणारा असेल तर कष्टसाध्य; न दुखणारा, न हलणारा, मोठा आणि मर्मावर उठलेला असेल तर वैद्यानें तो सोडून द्यावा. माझ्या स्नेह्यांचा फुगा दुखत नव्हता, हलत नव्हता, मोठा होता आणि नाभीच्या किंचित् वर होता. ते कांहीं बोलले नाहींत. कागदांची गुंडाळी करून घरीं गेले आणि अडीच महिने कोणत्याहि डॉक्टराकडे फिरकले नाहींत. शेवटीं त्यांची सून आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "गुरुजी, मामा म्हणतात, पोथीतच सोडून दिलंय, तर दवाखाना कशाला?" तेव्हां मला माझ्या हौसेचा अर्थ कळला. त्यांस आम्हीं समजावून मोठ्या शहरीं पाठविलें. तेथें पोट न उघडतां, दोन्ही जांघांतून दुरुस्ती झाली आणि चौथ्या दिवशीं ते चालत घरीं आले. त्यानंतर मीं ग्रंथ पुन्हां पहिल्यापासून वाचला.

पहिली अडचण 'सिरा' या शब्दाचीच आहे. शाळेच्या जुन्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांत शुद्ध रक्ताच्या वाहिनीस रोहिणी व अशुद्ध रक्ताच्या वाहिनीस नीला म्हणत. हे दोन्ही शब्द सुश्रुताच्या शारीरस्थानांतले आहेत. पण तेथें अरुणा, नीला, गौरी व रोहिणी हे सिरांचे चार वर्ग असून त्या अनुक्रमें वात, पित्त, कफ व रक्त वाहतात. पाठ्यपुस्तककारांनीं जुनीं नांवें घेऊन त्यांत नवा अर्थ भरला, हें युक्तच केलें. नवें शास्त्र मराठींत आणावयाचें तर शब्द कोठून तरी घ्यावेच लागतात. घोटाळा त्यानंतरचा आहे. तीं पुस्तकें वाचून वाढलेला मनुष्य सुश्रुत उघडतो, त्यांत 'रोहिणी' वाचतो आणि आपण शाळेंत शिकलेला अर्थ सुश्रुताच्या पदरीं बांधतो. माझें असेंच झालें होतें.

दुसरी अडचण क्रियापदांची. दुर्बळ मनुष्यानें झेपेल त्याहून अधिक श्रम केले असतां वायु सिरांच्या जाळ्यास ओढतो, दाबतो, आंखडतो व सुकवितो, आणि उंच, वाटोळा ग्रंथि उत्पन्न करतो, असें सुश्रुताचें म्हणणें आहे. यांत पसरणें, ताणणें, पातळ होणें या अर्थाचें एकहि पद नाहीं. फुगवट्याची व्याख्याच मुळीं पसरण्यावर उभी आहे.

तिसरी व माझ्या मतें निर्णायक गोष्ट वाग्भटाच्या एका विशेषणांत आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाच्या २९ व्या अध्यायांत ग्रंथीचे नऊ प्रकार असून त्यांत सिराग्रंथि आहे. पायीं चालून आलेल्यानें एकाएकीं पाण्यांत उतरणें हें एक नवें कारण तेथें दिलें आहे. आणि ग्रंथीस 'निःस्फुर' म्हटलें आहे. निःस्फुर म्हणजे न उडणारा, ज्यांत स्पंद नाहीं असा. आतां ग्रीक वैद्य गेलन यानें धमनीच्या फुगवट्याचें जें मुख्य लक्षण सांगितलें तें स्पंदाचें. आणि आजचा डॉक्टरहि पोटावर हात ठेवून प्रथम स्पंदच पाहतो. आंत रक्ताची गुठळी साचून फुगा भरून गेला तर स्पंद मंदावूं शकतो, हें खरें. पण अपवादास लक्षण म्हणून सांगणारा ग्रंथकार वाग्भट नव्हे.

येथें पाठभेदाचा प्रश्न संग्राहकांच्या मनांत येईल, म्हणून तोहि सांगतों. 'निःस्फुर'च्या जागीं 'सस्फुर' असा पाठ कल्पिला तर अनुष्टुभाचा भंग होत नाहीं. दोन्हींत अक्षरें तितकींच व पहिलें अक्षर दोन्हींत गुरु. तेव्हां छंद आपणांस मदत करीत नाहीं. तथापि लगेच पुढें 'नीरुज' हें पद आहे, आणि 'निःस्फुर, नीरुज' अशी अभावदर्शक विशेषणांची जोडी ग्रंथकारानें मुद्दाम साधलेली दिसते. आपल्या आवडीच्या सिद्धान्तासाठीं असा पाठ बदलणें मला मान्य नाहीं. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयानें काढलेल्या आवृत्तींत (कुंटे व नवरे यांनीं जमविलेल्या, हरिशास्त्री पराडकर यांनीं १९३९ मध्यें संपादिलेल्या) 'निःस्फुर' हाच पाठ आहे.

चिकित्सेकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. नव्या सिराग्रंथीवर वाग्भट कोरांटीचें तेल पिण्यास देतो, वातघ्न द्रव्यांचा उपनाह, बस्ति व सिरावेध सांगतो. हा उपचार हातापायांच्या वरवरच्या गांठीचा आहे. पोटांत उडणारा गोळा प्राचीनांस ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. चरकाच्या रक्तगुल्मांत पिंडरूपानें स्पंद पावणारा गोळा आहे. पण तो स्त्रियांसच होणारा, गर्भाचा भास करणारा, आणि दहावा महिना उलटल्यावर चिकित्सा करण्यास सांगितलेला. त्याचीहि महाधमनीशीं सोयरीक जमत नाहीं.

मग 'मर्मोत्थित असतां वर्ज्य' या वचनाचें काय? तें वचन खरें आहे. पण तें रोगाचें नांव सांगत नाहीं, वैद्याची मर्यादा सांगतें. अशी मर्यादा इतरत्रहि होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील अँटिलस या ग्रीक शल्यवैद्यानें फुगवट्याच्या वर व खालीं धमनी बांधून मधला भाग उघडण्याची रीति सांगितली. परंतु फार मोठे, तसेच मान, कांख व जांघ येथील फुगवटे त्यानेंहि सोडून दिले. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असून चौथ्या शतकांतील ओरिबेसियसच्या संग्रहामुळें एवढें तरी हातीं राहिलें, हें पोथ्या जमविणारांस सांगावयास नको.

पोटांतील महाधमनीचा फुगा त्यानंतर फार काळ वर्ज्यच राहिला. व्हेसेलियसनें १५५५ मध्यें जिवंत रोग्यांत असा रोग ओळखला, पण ओळखण्यापलीकडे उपाय नव्हता. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरनें १८१७ मध्यें महाधमनीच बांधून पाहिली. रोगी सुमारें ४० तास जगला. १९४८ मध्यें अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महाधमनीच्या फुगवट्याभोंवतीं रूडोल्फ निसेन यांनीं सेलोफेन गुंडाळलें, तें पुढें कांहीं वर्षें पुरलें. १९५५ मध्यें फुगा फुटला, तेव्हां आइन्स्टाइन यांनीं दुसरी शस्त्रक्रिया नाकारली व ते वारले. फुगलेला भाग कापून त्या जागीं मृताची धमनी बसविण्याचें काम पॅरिस येथें शार्ल द्युबोस्त यांनीं मार्च १९५१ मध्यें यशस्वी केलें, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत व्हूरहीस यांनीं विणलेल्या कापडाच्या नळ्या प्रचारांत आणल्या. पोट उघडावें लागे, हृदयावर ताण येई. म्हाताऱ्या माणसास तें झेपेलच अशी खात्री नसे.

आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या भोंवतीं जें मंडळ जमलें त्याचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. पाश्चात्त्य देशांत महाधमनीचा रोगी म्हणजे बहुधा धूम्रपान करणारा वृद्ध पुरुष. सेन, सुमन किनरे, पारुळकर इत्यादिकांसमोर मात्र महाधमनी जाड होऊन आंखडलेले तरुण रोगी, त्यांतहि तरुण स्त्रिया, येत. १९६३ मध्यें त्यांनीं पोटाच्या भागांतील अशा संकोचावर ब्रिटिश हृदयविषयक नियतकालिकांत लेख लिहिला, आणि १९७३ मध्यें १०१ रोग्यांच्या अभ्यासावर स्वतंत्र ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध केला. १९०८ मध्यें जपानी नेत्रवैद्य ताकायासु यांनीं प्रथम नोंदिलेला हा विकार. येथें सुश्रुताचें 'आंखडतो' हें क्रियापद आठवून पुन्हां सांगड घालण्याचा मोह होतो. एकदां हात पोळल्यावर तो आवरणेंच बरें.

पोट न उघडतां दुरुस्ती करण्याची कल्पना धमनींत आंतून शिरण्याच्या युक्तीवर अवलंबून आहे. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनीं १९५३ मध्यें सुई, तार व नळी यांचा क्रम बसविला. अमेरिकेच्या डॉटर यांनीं १९६४ मध्यें मांडीच्या धमनींतून जाऊन बुजलेली वाट मोकळी केली. महाधमनींत आंतून कापडी नळी बसविण्याचें पहिलें काम युक्रेनमधील खार्किव्ह येथें निकोलाय व्होलोदोस यांनीं १९८७ मध्यें छातीच्या भागांत केलें. तें रशियन भाषेंत छापलें गेल्यामुळें पश्चिमेस पुष्कळ उशीरा कळलें. एका लिपीच्या आड ग्रंथ दडून राहतो, त्यांतलाच हा प्रकार. पोटाच्या फुगवट्यावर सप्टेंबर १९९० मध्यें ब्वेनोस आइरेस येथें हुआन पारोदी यांनीं हें केलें आणि तें जगभर पसरलें. घडी घातलेली नळी बारीक म्यानांतून जांघेच्या धमनींत घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत वर नेतात, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खालीं उघडतात. धातूची जाळी तिला भिंतीशीं घट्ट धरते. महाधमनी जवळजवळ नाभीच्या पातळीवर दुभंगते, म्हणून नळीहि विजारीच्या आकाराची, दोन पायांची असते. रक्त नळींतून वाहतें व फुगलेल्या भिंतीवरील दाब उतरतो.

आतां हा प्रवेश कोठून होतो तें पाहावें. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या ६ व्या अध्यायांत १०७ मर्में आहेत. त्यांत मांडीच्या मुळाशीं, जांघेच्या सांध्याखालीं 'लोहिताक्ष' नांवाचें सिरामर्म सांगितलें असून तेथें वेध झाल्यास रक्तक्षयानें पक्षाघात होतो असें म्हटलें आहे. याचें स्थान मांडीच्या मोठ्या धमनीचेंच आहे, याविषयीं मला शंका वाटत नाहीं. कारण येथें जागा व रक्तस्रावाचा परिणाम हीं दोन्ही जुळतात, केवळ नांव नव्हे. सिराज ग्रंथीच्या बाबतींत यांतलें कांहींच जुळत नव्हतें. म्हणजे ज्या जागीं शस्त्र लागूं देऊं नये असें शल्यतंत्रानें बजावलें, तेथूनच आज सुई आंत जाते. सुश्रुतास ही दुरुस्ती ठाऊक होती असें यावरून कोणी काढील तर तें सर्वथा चूक होय. त्याला ती जागा ठाऊक होती, आणि तिचें भय ठाऊक होतें.

नव्या रीतीचेंहि सर्व गोडच आहे असें नाहीं. इंग्लंडांतील मोठ्या तुलनेंत, २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांनुसार, पहिल्या ३० दिवसांत आंतून दुरुस्ती केलेल्यांपैकीं शेंकडा १.७ व पोट उघडलेल्यांपैकीं शेंकडा ४.७ रोगी दगावले. त्याच रोग्यांचा २०१६ मध्यें आलेला पुढील वृत्तान्त मात्र निराळा आहे : आठ वर्षांनंतर पोट उघडून केलेली दुरुस्ती अधिक टिकाऊ ठरली. नळीच्या कडेनें फुग्यांत पुन्हां रक्त झिरपूं शकतें. म्हणून जन्मभर तपासणी चुकत नाहीं. वाडीवरच्या माणसास दर वर्षीं शहर गांठणें सोपें नाहीं. माझ्या स्नेह्यांची तारीख आतां मीं माझ्या पंचांगांत लिहून ठेवितों.

एक विनंति उरते. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली; परंतु ती समग्र हातीं आलेली नाहीं, आणि वर सांगितलेल्या मुद्रित आवृत्तींत उत्तरस्थानावर ती नाहीं. मराठवाड्यांतच लिहिली गेलेली ही टीका पैठण, अंबाजोगाई, बीड या बाजूच्या एखाद्या वैद्यघराण्याच्या दप्तरांत असणें अशक्य नव्हे. ज्यांच्या संग्रहीं उत्तरस्थानाची पोथी असेल, मग ती सटीक असो वा केवळ मूळ, त्यांनीं २९ व्या अध्यायांतील सिराग्रंथीचें पान काढून 'निःस्फुर' या पदाच्या जागीं काय आहे, समासांत कोणी कांहीं टिपलें आहे काय, व पोथीचा लेखनशक कोणता, एवढें मंडळास कळवावें. माझ्या मताविरुद्ध पाठ निघाल्यास तो आधीं कळवावा. पोथी पाठविण्याची तसदी घेऊं नये. त्या एका पानाचें स्वच्छ छायाचित्र पुरे.