शरीरातील ऊती आणि अभिस्तराचे वर्गीकरण

मध्य प्रदेशच्या दक्षिण सीमेवरील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते; २०२३ मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागांचा हा मराठीभाषक मुलूख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीसाठी ओळखला जातो. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव येथील लोक परस्परांवर दगडफेक करतात. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात; काही वर्षी मृत्यूही झाले आहेत. यांपैकी एखादी जखम चार दिवसांत मागमूस न ठेवता भरते, तर दुसरीचा व्रण जन्मभर राहतो. हा फरक जखम कोणत्या ऊतीपर्यंत पोहोचली यावर अवलंबून असतो.

ऊतींचे चार प्रकार

समान रचना असलेल्या आणि ठरावीक कार्य एकत्रितपणे करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. शरीराचे पृष्ठभाग आणि पोकळ्यांची अस्तरे झाकते ती अभिस्तर ऊती. आधार देणारी व जोडणारी ती संयोजी ऊती; हाडे, मेद आणि रक्त यांचाही समावेश तीत होतो. आकुंचन पावून हालचाल घडवते ती स्नायू ऊती आणि संवेदना वाहून नेते ती चेता ऊती.

घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत हिंदीतून शिकणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. मराठीतील ‘पेशी’ला हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात, तर हिंदीतील ‘पेशी’ म्हणजे मराठीतील स्नायू. त्यामुळे ‘पेशीय ऊतक’ याचा अर्थ स्नायू ऊती असा होतो.

वर्गीकरणाचे दोन निकष

अभिस्तराच्या पेशी परस्परांना घट्ट चिकटलेल्या असून एका पातळ आधारपटलावर रचलेल्या असतात. त्यांचे वर्गीकरण थरांची संख्या आणि पेशींचा आकार या दोन निकषांवर होते. एकच थर असल्यास ‘सरल’ आणि अनेक थर असल्यास ‘स्तरित’ अभिस्तर. चपट्या पेशी ‘पट्टकी’, साधारण ठोकळ्यासारख्या ‘घनाभरूप’ आणि उंच पेशी ‘स्तंभीय’ म्हणून ओळखल्या जातात. स्तरित अभिस्तराचे नाव सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या आकारावरून ठरते.

रचना कार्यानुसार बदलते. फुप्फुसांतील वायुकोशांत सरल पट्टकी अभिस्तर असल्याने प्राणवायू सहज आरपार जातो. मूत्रपिंडातील नलिकांत सरल घनाभरूप, तर आतड्याच्या आतील बाजूस शोषण करणारे सरल स्तंभीय अभिस्तर आढळते. श्वासनलिकेतील अभिस्तर अनेक थरांचे भासते. प्रत्यक्षात त्याची प्रत्येक पेशी आधारपटलाला टेकलेली असते. म्हणून त्यास छद्मस्तरित म्हणतात. मूत्राशयातील संक्रमणी अभिस्तर ताण पडताच पसरते. त्वचेवर स्तरित पट्टकी अभिस्तर असून त्याचे वरचे थर मृत व केराटिनयुक्त असतात. तोंड आणि अन्ननलिका यांतही हेच अभिस्तर असते, मात्र तेथे केराटिनचे कवच नसते.

जखम आणि अभिस्तर

अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात; त्याचे पोषण खालच्या संयोजी ऊतीतून होते. म्हणून केवळ वरवर खरचटल्यास रक्त येत नाही आणि तळाच्या थरातील पेशी विभागून ती जागा पूर्ववत करतात. रक्त आले, म्हणजे जखम संयोजी ऊतीपर्यंत गेली. अशी जखम खोल असल्यास ती तंतुमय ऊतीने भरते आणि व्रण उरतो.

अखंड अभिस्तर जंतूंना आत येऊ देत नाही. ते फाटले की मातीतील धनुर्वाताच्या जंतूंना वाट मिळते आणि प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात. म्हणून दगडाची जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, तीवर माती वा राख लावू नये आणि धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना त्वरित विचारावे.